कागदावरची क्रूझर

इतिहासात जर-तरला स्थान नाही, असे आपण वर्गात शिकवतो आणि घरी आलो की रात्रीच्या जेवणापर्यंत जर-तरच करीत बसतो. पानिपतात हे झाले असते तर, फाळणी टळली असती तर! अशा गप्पांना शेवट नसतो, कारण त्यांना हिशेब नसतो. जर-तरचा आणखी एक प्रकार मात्र आहे, आणि त्यात हिशेब पदोपदी आडवा येतो. जे आरमार कधी अस्तित्वातच आले नाही, त्याच्यासाठी युद्धनौकेचा आराखडा करावयाचा. या खेळाचा नियम एकच. इतिहासातली एक गोष्ट बदला, बाकी सारे होते तसेच ठेवा. राजकारण बदलता येते, पण पाण्याला आणि पोलादाला स्वराज्य-पारतंत्र्य कळत नाही. त्यांचे कायदे तेच राहतात.

आपण आज अशीच एक नौका बांधू या, अर्थात कागदावर.

बदल कोणता करावयाचा? १९२८ च्या नेहरू अहवालाने ऑस्ट्रेलिया, कॅनडा यांच्यासारखा वसाहतीचा दर्जा मागितला होता. ती मागणी नाकारली गेली आणि लाहोरला डिसेंबर १९२९ मध्ये पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला, हे आपल्याला ठाऊक आहे. समजा, ती मागणी मान्य झाली असती. मग ऑस्ट्रेलियाप्रमाणे हिंदुस्थानचेही स्वतःचे आरमार असते, आणि १९३१ च्या सुमारास त्याने एक हलकी क्रूझर मागवली असती. प्रत्यक्षात ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हे नाव यायलासुद्धा १९३४ साल उजाडले, आणि तेव्हा तिच्याजवळ ‘हिंदुस्थान’सारख्या लहान स्लूप नौका काय त्या होत्या. आपल्या क्रूझरला नाव देऊ ‘सुवर्णदुर्ग’. आंग्र्यांच्या आरमाराची आठवण तेवढी राहील.

हलकी क्रूझर म्हणजे काय? नावावरून वाटेल की वजनाला हलकी. तसे नाही. १९२२ च्या वॉशिंग्टन कराराने क्रूझरला दहा हजार टनांची आणि आठ इंची तोफांची मर्यादा घातली. १९३० च्या लंडन कराराने क्रूझरचे दोन वर्ग केले. ६.१ इंचांपर्यंतच्या तोफांची ती हलकी, त्यावरच्या तोफांची ती भारी. म्हणजे हलकेपणा तोफेच्या तोंडावर ठरला. याच कराराने ब्रिटन आणि त्याच्या वसाहती मिळून हलक्या क्रूझरांची एकूण बेरीज १,९२,२०० टन ठरवून दिली. एकत्र कुटुंबातल्या धाकट्या भावासारखी आपली स्थिती झाली. आपण मोठी नौका मागितली, तर दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातले कमी होणार. म्हणून सात हजार टनांवर समाधान मानू.

आता पहिला प्रश्न. ही नौका कशासाठी? आराखडा करणारे बहुतेक नवशिके हा प्रश्न टाळतात आणि थेट तोफा मोजू लागतात. आपल्याकडे त्याचे उत्तर १९१४ सालीच मिळाले होते. ‘एम्डन’ ही जर्मन हलकी क्रूझर एकटी हिंदी महासागरात शिरली. २२ सप्टेंबरच्या रात्री तिने मद्रासवर गोळे टाकले, तेलाच्या टाक्या पेटवल्या. वीसहून अधिक व्यापारी जहाजे तिने पकडली किंवा बुडवली. त्या वेळी मद्रासच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती काय होते? काहीच नव्हते. नोव्हेंबरमध्ये कोकोस बेटांपाशी ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ने एम्डनला गाठले. सिडनीच्या तोफा सहा इंची, एम्डनच्या सुमारे चार इंची. शिवाय सिडनीचा वेगही जास्त, त्यामुळे अंतर किती ठेवायचे हे तिनेच ठरवले. व्यापारी वाटांवरच्या अशा लुटारूला शोधणे आणि गाठणे, हेच ‘सुवर्णदुर्ग’चे काम. मुंबई ते एडन हे सुमारे साडेसोळाशे सागरी मैल. हा रस्ता तिला राखायचा आहे.

आता जमाखर्च मांडू. सात हजार टन हे आपले उत्पन्न. त्यातले साडेतीन हजार टन नुसत्या सांगाड्यात आणि पत्र्यात जातात. यंत्रे आणि बॉयलर १,४५० टन, तोफा आणि त्यांची सामग्री ८५०, चिलखत ८५०, आणि माणसे, बोटी, नांगर, सामानसुमान ३५०. झाले सात हजार. करारातल्या मोजणीत जळणाचे तेल धरीत नाहीत, एवढीच काय ती सवलत. हे आकडे आपल्या काल्पनिक नौकेचे आहेत, पण त्या काळच्या ब्रिटिश ‘लिअँडर’ वर्गाच्या घडणीला धरून आहेत. महिन्याच्या पगाराचे वाटे करताना गृहिणीला जे कळते, तेच इथे कळते. एका डब्यात टाकायचे, तर दुसऱ्या डब्यातून काढावे लागते.

तोफा सहा इंची घेऊ. कुणी म्हणेल, आठ इंची का नको? सहा इंची गोळ्याचे वजन ११२ पौंड. धडधाकट माणूस तो हाताने उचलू शकतो. आठ इंची गोळा २५६ पौंडांचा, त्याला यंत्रच हवे. त्यामुळे सहा इंची तोफ मिनिटाला दुप्पट वेळा डागता येते. आठ तोफा, दोन-दोनच्या चार फिरत्या बुरुजांत, दोन पुढे आणि दोन मागे. पाणतीराच्या काही नळ्या आणि टेहळणीसाठी एक लहान समुद्री विमान. एवढे पुरे.

आता वेग. लिअँडर वर्गाला ७२,००० अश्वशक्तीची यंत्रे होती, आणि वेग साडेबत्तीस नॉट. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल. जहाजाला लागणारी शक्ती साधारणतः वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट हवा असेल, तर शक्ती आठपट. हा हिशेब उलटा करून पाहू. साडेबत्तीसऐवजी तीस नॉटवर भागवले, तर सुमारे ५६,५०० अश्वशक्ती पुरते. म्हणजे यंत्रांचे तीनशे टन वाचतात! पण तीस नॉट पुरतील का? व्यापारी जहाजाला तोफा बसवून केलेला लुटारू अठरा नॉटांच्या आसपास धावतो. त्याला गाठायला तीस भरपूर झाले. मोठ्या आरमाराबरोबर पळायचे असते, तर गोष्ट वेगळी होती.

हे तीनशे टन कुठे खर्च करावयाचे, हा साऱ्या आराखड्यातला खरा निर्णय आहे. लिअँडर वर्गात सर्व बॉयलर एका बाजूला आणि त्यांच्या मागे टर्बाइन अशी रचना होती. म्हणून त्या नौकांना एकच रुंद धुराडे. दिसायला डौलदार, पण एखादा पाणतीर नेमका बॉयलरांच्या जागी बसला तर सगळी वाफ बंद! ऑस्ट्रेलियाकडे गेलेल्या सुधारित नौकांत बॉयलर, टर्बाइन, पुन्हा बॉयलर, पुन्हा टर्बाइन अशी मांडणी केली आणि धुराडी दोन झाली. अर्धी यंत्रे गेली, तरी अर्ध्यांवर घर गाठता येते. मात्र यंत्रांची जागा लांब पसरते, म्हणून चिलखतही लांब लावावे लागते. आपण दोनशे टन तिकडे देऊ, पन्नास टन विमानविरोधी तोफांना. उरलेल्या पन्नासांचे पुढे सांगतो.

इथे मोह फार होतो. आणखी एक बुरूज बसवला तर? जपानने तो मोह करून पाहिला. ‘मोगामी’ वर्गाची नौका साडेआठ हजार टनांची म्हणून जाहीर केली आणि तिच्यावर पंधरा तोफा चढवल्या. वजन वाचवण्यासाठी सांगाडा हलका केला. १९३५ च्या वादळी समुद्रात तिच्या सांध्यांनी दगा दिला, आणि या वर्गाची मोठी डागडुजी करावी लागली. त्याच्या आदल्याच वर्षी जपानचीच ‘तोमोझुरु’ ही लहान पाणतीर नौका वादळात उलटली होती. वर तोफा, वर पाणतीर, आणि खाली आधार कमी. कडब्याच्या पेंढ्या वाजवीपेक्षा उंच रचल्या, की गाडी वळणावर काय करते, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असते. ‘सुवर्णदुर्ग’ला जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात फिरायचे आहे. तेव्हा आठ तोफांवर थांबणेच शहाणपणाचे.

आता ते पन्नास टन. साडेपाचशे-सहाशे माणसे या लोखंडी पेटीत महिनोन् महिने राहणार. उत्तर समुद्राच्या थंडीसाठी योजलेल्या नौकेत मे महिन्यात बॉयलरपाशी उभे राहणे म्हणजे काय, याची कल्पना करा. हवा खेळवणारे पंखे, गोड्या पाण्याची सोय आणि आपल्या माणसांच्या जेवणाचा भटारखाना यांना वजन लागते. आराखडा काढणारे या रकान्याकडे सहसा बघत नाहीत. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या ठिकाणी नाविकांनी जो उठाव केला, त्यामागे स्वातंत्र्याची आस तर होतीच, पण तोंड फुटले ते निकृष्ट अन्नाच्या तक्रारीवरून. पन्नास टन त्यासाठी गेले तर ते वाया गेले असे मी म्हणणार नाही.

ही नौका कागदावरची खरी, पण तिची एक सख्खी बहीण प्रत्यक्षात आपल्याकडे आली. लिअँडर वर्गाची ‘अकिलीझ’ न्यूझीलंडच्या वतीने दुसऱ्या महायुद्धात लढली. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ तिने ‘एजॅक्स’ आणि ‘एक्झेटर’ यांच्यासह अकरा इंची तोफांच्या ‘ग्राफ स्पे’ला अंगावर घेतले. तिघींनी वेगवेगळ्या दिशांनी हल्ला केला, त्यामुळे शत्रूला तोफांचा मारा वाटून द्यावा लागला. चार दिवसांनी ग्राफ स्पेच्या कप्तानाने आपली नौका स्वतःच बुडवली. या लढाईत अकिलीझवरची चार माणसे मारली गेली. गोळ्याच्या ठिकऱ्या तोफांवर नियंत्रण ठेवणाऱ्या मनोऱ्याच्या पातळ पत्र्यातून आत घुसल्या होत्या. त्या पत्र्याची जाडी आराखड्यात कधीतरी कुणीतरी एका आकड्याने लिहिली होती. आपणही आत्ता दोनशे टन वाटले. त्यातले थोडे या मनोऱ्यासाठी राखून ठेवू.

पण आराखडा सगळेच वाचवू शकत नाही. लिअँडरच्या सुधारित बहिणींपैकी एक, नवी ‘सिडनी’, नोव्हेंबर १९४१ मध्ये ‘कोर्मोरान’ या वेष पालटलेल्या लुटारूच्या फार जवळ गेली आणि ६४५ माणसांसह बुडाली. एकही वाचला नाही. तिची यंत्रे, तोफा, चिलखत, सारे शत्रूपेक्षा सरस होते. चुकले ते अंतर. जुन्या सिडनीने एम्डनशी जे राखले, तेच.

अकिलीझ १९४८ साली आपल्या आरमारात येऊन ‘दिल्ली’ झाली. १९५६ च्या ‘द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट’ या चित्रपटात तिने स्वतःचीच, म्हणजे अकिलीझची, भूमिका केली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्तीच्या वेळी तिच्या तोफा दीव इथे कामी आल्या. १९७८ साली ती सेवेतून निवृत्त झाली. तिच्यामागून १९५७ साली आलेली दुसरी क्रूझर ‘म्हैसूर’ १९८५ पर्यंत होती. त्यानंतर आपल्या नौदलात क्रूझर उरली नाही.

मग आपल्या ‘सुवर्णदुर्ग’चे काय? खेळाचा नियम पाळायचा, तर तिचा आराखडा आपला असता, पण टर्बाइन, तोफा आणि चिलखत १९३१ साली परदेशातूनच आणावे लागले असते. मुंबईच्या गोदीत वाडियांनी एकोणिसाव्या शतकात सागवानी लढाऊ जहाजे बांधली होती. जमशेदपूरला १९१२ पासून पोलाद निघत होते. या दोहोंच्या मधला दुवा तेव्हा नव्हता. राजकीय हक्क एका ठरावाने मिळू शकतो. टर्बाइन घडवणारा कारागीर तयार व्हायला मात्र एक पिढी जाते. तशी ती गेलीही. माझगाव गोदीत बांधलेली ‘निलगिरी’ फ्रिगेट १९७२ साली नौदलात आली. तिचा मूळ ब्रिटिश आराखडा ज्या वर्गाचा होता, त्या नव्या वर्गाचे नावही योगायोगाने ‘लिअँडर’च होते. कोचीला बांधलेली विमानवाहू ‘विक्रांत’ २०२२ साली दाखल झाली, आणि तिचे पोलाद आपल्या देशातले आहे.

तुमच्या घरी एखादा मुलगा किंवा मुलगी वहीच्या मागच्या पानावर लढाऊ जहाजे काढीत असेल, तर रागावू नका. फक्त एवढेच विचारा, की याचे वजन किती झाले, आणि यातली माणसे जेवतात कुठे?