गरम इंजिन पुन्हा सुरू न होणे (मोपेड)

थंड असताना सहज सुरू होणारे इंजिन काही अंतर चालवून बंद केल्यावर लगेच सुरू न होणे आणि थंड झाल्यावर पुन्हा नेहमीप्रमाणे चालू लागणे, हा मोपेड व इंजिन बसवलेल्या सायकलींमध्ये आढळणारा दोष आहे. तो प्रामुख्याने हवेने थंड होणाऱ्या, कार्बुरेटर असलेल्या दोन धावांच्या (टू-स्ट्रोक) लहान इंजिनांत दिसतो. ठिणगी, इंधन आणि दाब या तीन गोष्टींपैकी एखादी उष्णतेमुळे अपुरी पडणे, हे त्याचे मूळ कारण असते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात मोपेड घरोघरी पोहोचली ती प्रामुख्याने 'लुना'मुळे. कायनेटिक इंजिनिअरिंग या कंपनीने १९७२ मध्ये बाजारात आणलेली ही ५० घन सेंमी. क्षमतेची गाडी इटलीतील पियाजिओ कंपनीच्या 'चाव' या मोपेडवर आधारित होती. तिला सायकलीसारखी पायडल असत. त्यामुळे इंजिन बंद पडले तरी गाडी पायांनी चालवता येई. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार चारपेक्षा कमी चाके आणि २५ घन सेंमी.पर्यंत क्षमतेचे इंजिन असलेले वाहन 'मोटार वाहन' या व्याख्येत येत नाही. इंजिन बसवलेल्या काही सायकली या गटात मोडतात.

यवतमाळ जिल्ह्यातील वणी हे वर्धा खोऱ्यातील कोळसा पट्ट्यातील तालुक्याचे गाव आहे. विदर्भाच्या या भागात मे महिन्यात कमाल तापमान ४५° सेल्सियसच्या आसपास जाते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला अशा हवेकडून फारसा गारवा मिळत नाही. शिवाय कोळशाच्या वाहतुकीमुळे उडणारी धूळ सिलिंडरच्या पात्यांवर आणि एअर फिल्टरमध्ये साचते. त्यामुळे हा दोष अशा प्रदेशात उन्हाळ्यात अधिक जाणवतो.

इंजिन बंद केल्यानंतर वाढणारी उष्णता

गाडी धावत असताना वाऱ्याने सिलिंडर थंड होत राहतो व आत येणाऱ्या ताज्या मिश्रणामुळे कार्बुरेटरही गार राहतो. गाडी थांबताच या दोन्ही क्रिया थांबतात. मात्र सिलिंडरमधील उष्णता शेजारच्या भागांकडे वाहत राहते. त्यामुळे इंजिन बंद केल्यानंतरची पहिली काही मिनिटे कार्बुरेटर आणि कॉइल यांचे तापमान उतरण्याऐवजी चढते. चालत्या गाडीत न दिसणारा दोष थांबल्यावर का उघड होतो, याचे स्पष्टीकरण यात आहे.

कारणे

प्रज्वलन: कॉइलमधील तांब्याच्या तारेचा विद्युत रोध तापमान १००° सेल्सियसने वाढल्यास सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. एवढ्याने निर्दोष कॉइल बंद पडत नाही. परंतु तारेवरचे आवेष्टन जुने झाले असल्यास किंवा आत बारीक तडा असल्यास गरम होताच ठिणगी क्षीण होते वा नाहीशी होते. पॉइंट असलेल्या जुन्या गाड्यांत कंडेन्सरही असाच गरम झाल्यावर निकामी होतो. प्लगवर तेल व काजळी बसणे, हे आणखी एक कारण होय.

इंधन: पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण असून त्याचे हलके घटक सुमारे ३५° सेल्सियसपासूनच उकळू लागतात. तापलेल्या कार्बुरेटरमधील पेट्रोल उकळून इंजिनात उतरले, तर मिश्रण प्रमाणाबाहेर दाट होते व प्लग भिजतो. फ्लोटची नीडल झिजली असल्यास हाच परिणाम होतो. उलट, नळीत वाफ कोंडली तर पेट्रोलच पोहोचत नाही. पेट्रोलमध्ये सुमारे १० टक्के इथेनॉल मिसळल्याने बाष्पदाब काहीसा वाढतो.

दाब: पिस्टन रिंग व सिलिंडर झिजले असल्यास तापलेले पातळ तेल फट बुजवू शकत नाही व दाब घटतो. दोन धावांच्या इंजिनात क्रँककेसमधून मिश्रण ढकलले जात असल्याने क्रँकचे सील गळणेही महत्त्वाचे ठरते. चार धावांच्या इंजिनात व्हॉल्व्हची फट कमी ठेवली असल्यास गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही.

निदान

तपासणी इंजिन गरम असताना, म्हणजे दोष हजर असतानाच करावी लागते. गाडी थंड झाल्यावर सर्व भाग निर्दोष दिसतात. केवळ अंदाजाने सुटे भाग बदलण्याचा खर्च अनेकदा याच कारणाने वाया जातो. तपासणीचा क्रम साधारणतः असा असतो :

१. पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल करून पाहणे. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर झाकणाचे छिद्र बुजलेले असते. थोड्या वेळाने हवा झिरपून हा दोष आपोआप नाहीसा होतो, म्हणून तो उष्णतेचा दोष भासतो.
२. प्लग काढून पाहणे. ओला प्लग म्हणजे जादा पेट्रोल किंवा ठिणगीचा अभाव. कोरडा प्लग म्हणजे पेट्रोल न पोहोचणे.
३. निर्दोष प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून ठिणगी पाहणे. ती निळी व जोरकस असावी. गरम असताना न येणारी ठिणगी थंड झाल्यावर परत आली, तर कॉइल किंवा कंडेन्सर सदोष असण्याची शक्यता मोठी असते.
४. ठिणगी व पेट्रोल दोन्ही ठीक असल्यास दाबमापकाने थंड व गरम अवस्थेतील दाबाची तुलना करणे.

उपाय व प्रतिबंध

प्लग ओला असल्यास पेट्रोलचा कॉक व चोक बंद ठेवून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून काही वेळा पायडल वा किक मारल्याने जादा पेट्रोल बाहेर पडते. गरम इंजिनाला चोक देणे ही नेहमीची चूक असून त्यामुळे मिश्रण आणखी दाट होते. कार्बुरेटर व सिलिंडर यांमधील उष्णतारोधक तुकडा जागेवर असणे, सिलिंडरची पाती व एअर फिल्टर स्वच्छ असणे, उत्पादकाने ठरवलेल्या प्रतीचा प्लग व तेलाचे प्रमाण पाळणे आणि गाडी सावलीत उभी करून कॉक बंद करणे, यांमुळे हा दोष टाळता येतो.

सुरक्षितता

ठिणगी तपासताना प्लग सिलिंडरच्या उघड्या छिद्रापासून दूर ठेवणे आवश्यक असते. छिद्रातून बाहेर पडणारी पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. सांडलेले पेट्रोल आधी पुसून घ्यावे लागते. ॲल्युमिनियमच्या तापलेल्या हेडमधून प्लग जोराने काढल्यास आटे खराब होतात. प्लग परत बसवताना तो प्रथम हातानेच फिरवला जातो.

हेही पहा

मोपेड · कार्बुरेटर · अंतर्ज्वलन इंजिन · स्पार्क प्लग · वणी