मलमातले सल्फाइट : उपयोग किती, जपायचे किती?



रावेर-यावलकडचे पिकलेले केळे कापून ताटात ठेवा. थोड्याच वेळात काप काळे पडू लागतात. हवेतला प्राणवायू लागला की असे होते. केळी सुकवण्याच्या धंद्यात हा रंग टिकावा म्हणून काप पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात बुडवून काढतात. लिंबाचे सरबत टिकवण्यासाठी घरोघरी जी ‘केएमएस’ची पूड वापरतात, ती हीच. हिच्याच घराण्यातले सोडियम मेटाबायसल्फाइट आणि सोडियम सल्फाइट आपल्या कपाटातल्या काही मलमांत व केसांच्या कलपातही असते.

तिथे त्याचे काम काय? तेच, राखणदाराचे. चेहऱ्यावरच्या वांगासाठी डॉक्टर हायड्रोक्विनोनचे मलम देतात. त्याला हवा लागली की ते तपकिरी पडते. सल्फाइट तो प्राणवायू स्वतःवर घेते आणि औषध वाचवते. नायट्यावरच्या केटोकोनाझोलच्या काही मलमांतही ते असते. मात्र त्याने कातडी उजळत नाही की नायटा बरा होत नाही. ते फक्त माल टिकवते.

मग ते धोक्याचे आहे का? बहुतेकांना नाही. अमेरिकेतील सौंदर्यप्रसाधने तपासणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने २००३ मध्ये ते प्रसाधनांत वापरण्यास सुरक्षित ठरवले. पण काहींच्या कातडीला त्याचे वावडे असते. म्हणूनच तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने २०२४ साली ‘वर्षातील वावड्याचा पदार्थ’ म्हणून सल्फाइटकडे लक्ष वेधले.

आपली चूक होते ती इथे. नायट्याला मलम लावले आणि लाली, खाज वाढली, की आपण समजतो नायटा भडकला. मग आणखी जाड थर लावतो! दुखणे वाढते, पैसाही जातो. असे झाले तर मलम थांबवा आणि ती ट्यूब बरोबर घेऊन डॉक्टरांना दाखवा. दोष औषधाचा, राखणदाराचा की नायट्याचाच, हे तेच ठरवतील.

एवढे करा :

१. ट्यूबवरची बारीक इंग्रजी अक्षरे शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडून वाचून घ्या. नावात ‘सल्फाइट’ आहे का पाहा. शाम्पूतले ‘सल्फेट’, ‘सल्फा’ची गोळी आणि पिकावर धुरळायचा गंधक या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

२. नवी क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लावून पाहा. कलपाची चाचणी पाकिटावर सांगितल्याप्रमाणे आधी घ्या; लग्नाच्या आदल्या रात्री नको. कलपात वावड्याचे इतर पदार्थही असतात.

३. सरबताची पूड लिंबात कालवून चेहऱ्याला कधीही लावू नका. आंबट रसात तिच्यातून सल्फर डायऑक्साइड हा उग्र वायू निघतो. सरबतात ती किलोमागे सुमारे ०.६ ग्रॅमच लागते. तीही मोजून, खिडकी उघडी ठेवून घाला. घरात दमेकरी असेल तर त्याला दूर ठेवा, कारण काही दमेकऱ्यांना या वायूने व अशा पदार्थांच्या खाण्यानेही दम लागतो.

बियाण्याची पिशवी आपण उलटसुलट वाचूनच घेतो. घरच्यांच्या अंगाला लागणारी ट्यूबही तशीच वाचून घ्या.