तेराव्या वर्षी मुंबई

आमचे चिरंजीव सहा वर्षांचे होते तेव्हा त्यांना मुंबई दाखवणे अगदी सोपे गेले होते. म्हातारीचा बूट, राणीची बाग आणि चौपाटीवरची भेळ, की झाली मुंबई! गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा जायचे ठरले, तेव्हा मी तीच यादी काढली. चिरंजीव आता तेरा वर्षांचे. म्हणाले, "आई, मी काय बालवाडीत आहे?"

ह्यांना रजा नव्हती. म्हणजे आम्ही मायलेकरं दोघंच. मी मनातून धास्तावलेच होते. पण शेवटी कागद-पेन्सिल त्याच्याच हाती दिली. चार ठिकाणं तू निवड, दोन मी निवडते.

त्यातून एक फायदा झाला. कुठलं ठिकाण कुठल्या वारी बंद असतं, हे त्यानंच शोधून काढलं. घारापुरीची लेणी आणि नेहरू तारांगण सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद. मी आपली सोमवारीच घारापुरीला निघाले असते! गाडीचं आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं, तेव्हा तारीख मोजून ठेवा. बारा वर्षं पूर्ण झाली की पूर्ण तिकीट लागतं, हेही हिशेबात धरा. आणि राजापूर रोड स्टेशन आपल्या गावापासून चांगलंच लांब. रिक्षा आदल्या दिवशीच सांगून ठेवलेली बरी.

बरोबर दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या. नवे बूट मात्र घालू दिले नाहीत. घारापुरीला गेटवेपासून लाँचने तासभर लागतो आणि वर शंभराहून जास्त पायऱ्या! त्रिमूर्तीपुढे हा पोरगा पाच मिनिटं गप्प उभा राहिला. घरी पाच मिनिटं गप्प बसला तर मी कपाळाला हात लावून ताप बघते.

दुसऱ्या दिवशी फोर्टात हिंडताना त्यानं विचारलं, "किल्ला कुठाय?" तटबंदी १८६०च्या दशकात पाडली, नाव तेवढं उरलं. मग मी म्हटलं, आपल्या राजापूरची इंग्रजांची वखार महाराजांनी लुटली १६६१ साली, आणि त्याच वर्षी पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांच्या राजाला लग्नात आंदण द्यायचं कबूल केलं. "म्हणजे आपलं गाव तेव्हा मोठं बंदर होतं?" होतं तर! स्वारी एकदम ताठ चालू लागली.

आता लोकलचं सांगते. बारा वर्षांवरचा मुलगा बायकांच्या डब्यात चालत नाही. त्याला एकट्याला पुरुषांच्या डब्यात सोडायचा धीर होईना, म्हणून मीच साध्या डब्यात चढत होते. निघतानाच नियम केला होता: चुकामूक झाली तर गाडीत असेल त्यानं पुढच्या थांब्यावर उतरायचं आणि फलाटावर तिथंच उभं राहायचं, मागं राहील त्यानं पुढच्या गाडीनं यायचं. माझा नंबर आणि नणंदेचा डोंबिवलीचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी त्याच्या खिशात, शिवाय शंभर रुपये वेगळे.

आणि नेमकं दादरला तसंच झालं. संध्याकाळची गर्दी, तो रेट्याबरोबर आत गेला, मी फलाटावर! गाडी हलली तेव्हा त्याचा फक्त हात दिसला. पुढच्या जलद गाडीला किती मिनिटं लागली कोण जाणे. मी धूतपापेश्वराला नवस बोलून मोकळी झाले होते.

कुर्ल्याला उतरले, तर हा इंडिकेटरखाली उभा. एका हातात चिठ्ठी, दुसऱ्या हातात वडापाव. मला रडू फुटलं, तर इकडेतिकडे बघत म्हणाला, "आई, लोक बघतायत."

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, काय काय पाहिलंत? त्यानं घारापुरी सांगितली, तारांगण सांगितलं. कुर्ल्याचं काही बोलला नाही. मीही बोलले नाही. मात्र त्या शंभरातले उरलेले पैसे त्यानं परत दिले नाहीत, आणि मी मागितलेही नाहीत.