वीस : कंडम ठरलेल्या मूर्तीची वाडी



आजच्या भागात आपण दक्षिण जर्मनीतल्या एका वाडीवर जाणार आहोत. तिचं नाव 'वीस'. आपला आकडा नव्हे, तिथल्या बोलीत वीस म्हणजे कुरण. बव्हेरियात, आल्प्सच्या पायथ्याशी, स्टाइनगाडेन या गावाच्या हद्दीत ही वाडी येते. मी तिथे गेलो तेव्हा मोजकी घरं, चरणाऱ्या गाई आणि त्यांच्या मधोमध एक भलंमोठं चर्च दिसलं. एवढ्याशा वस्तीला एवढं चर्च कशासाठी? याचं उत्तर एका टाकून दिलेल्या मूर्तीत आहे.

फौजेत निकामी सामान 'कंडम' करायला बोर्ड बसतो. अशा बोर्डांवर मीही बसलो आहे. यादी वाचायची, वस्तू पाहायची, सही करायची. वीसची गोष्ट अशाच दोन निकालांची आहे.

पहिला निकाल मूर्तीचा. १७३० साली स्टाइनगाडेनच्या मठातल्या दोघा साधकांनी गुड फ्रायडेच्या मिरवणुकीसाठी येशूची मूर्ती बनवली. खांबाला बांधलेला, चाबकाचे फटके खाल्लेला येशू. जुन्या लाकडी मूर्तींचे सुटे भाग जोडले, सांध्यांवर कापड चिकटवलं, वरून रंग दिला. ते रक्तबंबाळ रूप लोकांना बघवेना. १७३४ नंतर मूर्ती मिरवणुकीतून गेली आणि पुढे एका खानावळवाल्याच्या माळ्यावर पडून राहिली.

१७३८ च्या मे महिन्यात वीसमधल्या मारिया लोरी या शेतकरणीने ती मागून घरी नेली. आपल्याकडे भंगलेली मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत नाहीत. हिने तर तुकड्यांची मूर्ती घरात आणून तिच्यापुढे प्रार्थना सुरू केली. १४ जूनला तिला मूर्तीच्या डोळ्यांत पाणी दिसलं. ते अश्रू होते की आणखी काही, यावर मी निकाल देणार नाही. बातमी मात्र पसरली आणि लोक चालत येऊ लागले. १७४० च्या सुमारास छोटी प्रार्थनाघुमटी बांधली, तीही पुरेना.

मग मठाने मोठं चर्च काढलं. डोमिनिकुस झिमरमान हा त्याचा वास्तुकार आणि त्याचा भाऊ योहान बाप्टिस्ट चित्रकार. काम १७४५ ला सुरू झालं, १७५४ ला चर्चचं विधिवत अर्पण झालं. खर्च सुमारे १ लाख ८० हजार गुल्डेन, म्हणजे त्या काळची नाणी. मठ कर्जात बुडाला. झिमरमान मात्र वाडी सोडून गेला नाही. चर्चजवळच घर बांधून राहिला आणि १७६६ मध्ये तिथेच वारला.

बाहेरून साधं दिसणारं हे चर्च आत शिरल्यावर थक्क करतं. लंबगोल दालन, भरपूर उजेड, पांढरं-सोनेरी नक्षीकाम. या शैलीला रोकोको म्हणतात. छत घुमटासारखं भासतं, पण ते बरंचसं सपाट आहे, बाकीची किमया रंगांची. त्यात येशू इंद्रधनुष्यावर बसला आहे आणि अखेरच्या न्यायाचं सिंहासन अजून रिकामं आहे. निकाल लागायचा आहे, तोवर दयेला वाव आहे, असा त्याचा अर्थ. त्या रिकाम्या आसनाखाली मी बराच वेळ उभा होतो. माझ्या सह्यांच्या काही याद्या आठवल्या.

दुसरा निकाल चर्चचा. १८०३ मध्ये बव्हेरियाच्या सरकारने मठ बरखास्त करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. स्टाइनगाडेनचा मठही गेला. वीसचं चर्च लिलावात काढून पाडायचा बेत होता. सरकारी हिशेबात कुरणातल्या चर्चची किंमत दगड-लाकडाएवढी. आसपासच्या शेतकऱ्यांनी ते वाचवलं, असं तिथे सांगतात. यात्रा चालू राहिली.

१९८३ मध्ये युनेस्कोने वीसचं चर्च जागतिक वारशात घेतलं. त्याच वर्षी आपली अजिंठा आणि वेरूळची लेणीही त्या यादीत आली. आज जगभरचे पर्यटक इथे येतात. जूनमध्ये त्या अश्रूंचा उत्सव होतो. मुख्य वेदीवर आजही तीच जोडकामाची मूर्ती आहे.

दोन्ही वेळा निकाल देणारे जाणते होते, अधिकारी होते. मूर्ती जपली एका शेतकरणीने आणि चर्च जपलं शेतकऱ्यांनी. त्यांच्याकडे शिक्का नव्हता, पण ती वस्तू रोजच्या जगण्यात होती. बोर्डावर बसणाऱ्याने सही करण्याआधी एकदा तरी विचारावं, की बाबांनो, हे अजून कुणाच्या उपयोगाचं आहे का? मी नेहमी विचारलं नाही, हे कबूल करतो.

कधी तिकडे गेलात, तर मोठ्या चर्चइतकाच वेळ त्या जुन्या घुमटीलाही द्या. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.