दुसऱ्याचा कुत्रा फिरवून कमाई : हिशेब कसा मांडाल?
पुण्या-मुंबईत दुसऱ्यांचे कुत्रे फिरवून अनेक जण पैसे कमावतात. बुलडाणा, खामगावात हे परवडेल का?

गुराखी ढोरामागे महिन्याचे पैसे घेतो, तसाच हा हिशेब. समजा, कुत्र्यामागे महिना १,५०० रुपये ठरले. सकाळच्या दोन तासांत अर्ध्या तासाच्या चार फेऱ्या, म्हणजे ६,००० रुपये. घरे एकाच कॉलनीत हवीत, नाहीतर कमाई पेट्रोलमध्येच जाते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पंजे भाजतात. ऊन चढण्याआधीच निघा.

रेबीज लसीचे कार्ड आधी बघा. ताब्यातल्या प्राण्यापासून कुणाला गंभीर इजा होऊ नये याची काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. महिन्याची बहुतेक कमाई एका दंडात जाईल.