सणाचा पैसा सणाआधी

मी अंबरनाथच्या बुवापाड्यातून बोलतेय, बचत गटाचं काम बघते.

मागच्या दिवाळीला आमच्या गटातल्या एका ताईने फराळ, मुलांचे कपडे आणि भाऊबीज यासाठी गटातून ६,००० रुपये उचलले. नवऱ्याचा बोनस आला की फेडू, असा हिशेब. बोनस आला दिवाळी उलटून गेल्यावर, तोही किराण्याच्या उधारीत गेला. जानेवारीत मुलीच्या क्लासची फी भरायची वेळ आली, तेव्हा आधीचंच कर्ज उभं होतं. दुसरं मागायचं कोणत्या तोंडाने?

बोनस दिवाळीचाच, असं आपण धरून चालतो. कायदा मात्र आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांची मुदत देतो. म्हणजे ३१ मार्चपासून थेट ३० नोव्हेंबरपर्यंत. दिवाळी तर कधी ऑक्टोबरातच येते.

आता पाटी-पेन्सिल घ्या. ६,००० रुपये, महिना शेकडा २ व्याज, दहा हप्ते. दर महिन्याला मुद्दल ६०० फेडलं तरी एकूण व्याज ६६० रुपये. गटाचं व्याज गटातच राहतं, हे खरं. पण बाहेरच्या सावकाराकडून शेकडा १० ने घेतले असते, तर तेच व्याज ३,३०० झालं असतं. त्यात पुढच्या वर्षीचा अर्धा सण झाला असता!

तेच ६,००० आधी साठवायचे तर महिन्याला ५०० पडतात. मग काय करायचं?

भाऊबीज झाली की त्याच आठवड्यात यंदाचा खर्च वहीत लिहून काढा. एकूण रकमेला बारांनी भागा. तेवढ्या रकमेचं एक वर्षाचं आरडी खातं बँकेत स्वतःच्या नावाने उघडा. डब्यातला पैसा डब्यात राहत नाही. गटाच्या बचतीतही तो मिसळू नका, ती अडीअडचणीसाठी आहे. आणि ओळखीचा माणूस ‘दिवाळी फंड’ काढतोय म्हणून पैसे देऊ नका. परवानगीशिवाय अशा ठेवी गोळा करण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे.

खर्चही थोडा आवरा. चार-पाच जणींनी मिळून डाळ, रवा, साखर, तेल घाऊक आणा, चकल्या-करंज्या एकत्र करा. कपड्यांना उल्हासनगरला जाताना यादी आणि मोजकेच पैसे न्या. भाऊबीजेला भावाबहिणींनी आधीच रक्कम ठरवा. ओवाळणी कमी झाली म्हणून माया कमी होत नाही.

तुमच्याकडे नाताळ असो, ईद असो की १४ एप्रिल, हिशेब तोच. सण येणार हे वर्षभर आधी ठाऊक असतं. आजारपण मात्र सांगून येत नाही. गटाचं कर्ज त्याच्यासाठी राखून ठेवूया.

येत्या बैठकीला वही घेऊन या.