किल्लारीचा धडा आणि उद्याचे संशोधक

संकट कोसळले की माणूस प्रथम विचारतो, "हे कोणत्या पापाचे फळ?" विज्ञान विचारते, "हे कसे घडले आणि पुढच्या वेळी जीव कसे वाचतील?" हा फरक समजून घेण्यासाठी आपणांस दूर जावे लागत नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे झोपली होती. भूकंप ६.२ क्षमतेचा होता. या क्षमतेच्या आसपासचे भूकंप जगात दरवर्षी अनेक होतात. परंतु येथे हजारो माणसे दगावली. असे का व्हावे?

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेसह अनेक संस्थांचे शास्त्रज्ञ येथे आले. त्यांनी नंतरचे धक्के यंत्रांवर नोंदविले, पडलेली घरे तपासली. भूकंपाचे केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हते, हे एक कारण. दुसरे कारण घरातच होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतले व बाहेरचे थर एकमेकांस बांधलेले नव्हते आणि वर माळवदाचा प्रचंड भार होता. दगडी वाडे ढासळले. गवताच्या किंवा पत्र्याच्या हलक्या छपराच्या झोपड्यांत माणसे अधिक वाचली. यातूनच उपाय निघाला : भिंतीत आरपार जाणारे जोडदगड, सर्व भिंतींवरून फिरणारी सिमेंट काँक्रीटची सलग पट्टी आणि हलके छप्पर.

विज्ञानाने स्वतःचा समजही तपासला. दख्खनचे पठार स्थिर मानले जाई. वास्तविक १९९२ सालीच किल्लारी परिसरातील लोकांना धक्के जाणवले होते. २००२ च्या सुधारित नकाशात लातूरचा भाग सर्वांत सौम्य विभागातून तिसऱ्या विभागात घेण्यात आला. पुराव्यापुढे मत बदलणे यात कमीपणा नाही, हेच संशोधकाचे पहिले शील होय.

नांदेड शहरानेही २००६ नंतर जमिनीखालचे गूढ आवाज व सौम्य धक्के अनुभविले; मार्च २०२४ मध्ये हिंगोलीकडील भूकंपाने नांदेडही हादरले. अशा वेळी "अमुक रात्री भूकंप होणार" अशा अफवा उठतात. भूकंपाची तारीख व वेळ आधी सांगण्याची विद्या आजही कोणापाशी नाही, हे आपल्या वस्तीत निर्भयपणे सांगणे हे शिकलेल्यांचे कर्तव्य आहे.

म्हणून आम्ही सुचवितो की, नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांनी सुटीत आपल्याच वस्तीतील घरांची पाहणी करावी. भिंत कशाची, छपराचा भार किती, कोपऱ्यांना तडे आहेत काय, हे वहीत टिपावे, वृद्धांच्या आठवणी लिहून घ्याव्यात आणि ते टिपण जाणकार अभियंत्यास दाखवावे. उद्याचे संशोधन अशा वहीतूनच सुरू होईल, आणि कदाचित एखादे घर वेळीच सावरले जाईल.